युद्धाचं बिल आधी मांडा: अमेरिकेत मत देणाऱ्या मराठी माणसांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या माझ्या मराठी मतदार बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातल्या लिबर्टी बेटावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली. तुम्ही आणि मी आज इथे आहोत ते त्या कायद्यामुळे. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाचा कोटा होता १०० माणसांचा. तोही १९४६ मध्ये मिळाला, त्यापूर्वी दार बंदच होतं. १९६५ च्या कायद्याने जन्मदेश पाहून माणसं मोजण्याची पद्धत मोडीत काढली, आणि पुण्या-मुंबईच्या, नागपूर-सांगलीच्या कॉलेजांतून बाहेर पडलेले इंजिनिअर, डॉक्टर बॅगा भरून इकडे यायला लागले.

सही करताना जॉन्सन यांनी जे भाषण केलं ते आपल्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावं असं मला वाटतं. हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही, असं ते म्हणाले. त्यांचा हा अंदाज साफ चुकला. पण त्याच भाषणात पुढे त्यांनी काही आडनावं घेतली: फर्नांडेझ, झायाक, झेलिंको, मारियानो, मॅकॉर्मिक. ही माणसं या वर्षी व्हिएतनाममध्ये मरत आहेत, तुम्ही किंवा तुमचे आईवडील मूळचे कुठले असं त्यांना मारणाऱ्या शत्रूनेही विचारलं नाही, ते सगळे अमेरिकन होते, असं ते म्हणाले. आपल्यासाठी दार उघडणाऱ्या कायद्याचं महत्त्व पटवायला राष्ट्राध्यक्षांनी एका युद्धातल्या मृतांची नावं पुढे केली. हे युद्ध आपल्या इथल्या मुळाशीच आहे. म्हणून ते दुसऱ्या कुणाचं आहे असं मी मानत नाही.

माझं मागणं आधीच सांगून टाकतो. आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला आणि सिनेटरला आपण आजवर एच-वन-बी, ग्रीन कार्डची रांग आणि फार तर भारत-अमेरिका संबंध यांबद्दलच विचारत आलो. त्यात गैर काही नाही. पण यापुढे आणखी एक गोष्ट विचारू या. परदेशात लढायला सैन्य धाडण्यापूर्वी तुम्ही सभागृहात मत देणार का, आणि त्या लढाईचा खर्च कोणत्या करातून भागवणार हे त्याच दिवशी सांगणार का? हा प्रश्न आपण का विचारायचा, ते समजण्यासाठी जॉन्सन यांच्या काळात जे घडलं ते नीट पाहावं लागेल.

जॉन्सन हौसेने व्हिएतनामच्या लढाईत उतरले असा अनेकांचा समज आहे. त्यांच्याच कार्यालयातल्या टेप वेगळं सांगतात. २७ मे १९६४ रोजी ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी फोनवर बोलले. ते बोलणं आज कुणालाही ऐकता येतं. काल रात्री मी जागाच होतो, याच गोष्टीचा विचार करत होतो, असं ते सांगतात. मग म्हणतात, यासाठी लढावं असं मला वाटत नाही आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. त्यानंतर त्यांच्या खिदमतीला असलेल्या सार्जंटचा विषय निघतो. आज सकाळी तो माझं सामान काढून ठेवत होता, त्याला सहा पोरं आहेत, त्याच्याकडे पाहून मनात आलं की याला मी तिकडे कशासाठी पाठवतोय? व्हिएतनामची मला काय किंमत? या देशाला काय किंमत?

असं बोलणाऱ्या माणसाने चौदा महिन्यांनी तिथल्या अमेरिकन सैन्याचा आकडा सव्वा लाखावर नेण्याचा हुकूम दिला. हे कसं झालं?

त्यांना भीती होती ती वॉशिंग्टनची. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला तेव्हा ‘चीन कुणी घालवला’ असा गिल्ला करून विरोधकांनी हॅरी ट्रुमन यांचं राज्य करणं कठीण करून सोडलं होतं. जॉन्सन तेव्हा सिनेटमध्ये बसून ते पाहत होते. दक्षिण व्हिएतनाम पडलं तर तीच मंडळी माझ्यावर तुटून पडतील आणि गरिबांसाठी, काळ्या नागरिकांसाठी मांडलेलं सगळं काम उधळून लावतील, अशी त्यांची खात्री होती. उलट, युद्ध करायचं म्हणून उघडपणे पैसा आणि माणसं मागितली, तर तीच मंडळी म्हणतील की लढाई आहे ना, मग आधी या गरिबांच्या योजना बंद करा. दोन्हीकडून कोंडी. म्हणून त्यांनी लढायचं ठरवलं, पण आवाज न करता.

सुधारणांबद्दलची त्यांची तळमळ खरी होती, हेही सांगायला हवं, नाहीतर पुढच्या नुकसानीचं मोल कळणार नाही. तरुणपणी, १९२८ मध्ये, टेक्सासमधल्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत ते शिकवायचे. मुलं न्याहारी न करता, भुकेल्या पोटी वर्गात येत. १५ मार्च १९६५ रोजी मतदानहक्काच्या कायद्यासाठी काँग्रेससमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी त्या मुलांची आठवण काढली. त्या मुलांसाठी काही करायची संधी आज मिळाली आहे आणि मी ती सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

आता त्या भाषणाच्या मागेपुढे काय घडत होतं ते पाहा. ७ मार्चला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या नागरिकांच्या मोर्चाला पोलिसांनी झोडपलं. ८ मार्चला साडेतीन हजारांच्या आसपास मरीन सैनिक व्हिएतनामच्या दा नांग किनाऱ्यावर उतरले. १५ मार्चला ते भाषण झालं. ७ एप्रिलला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बाँबफेकीचं समर्थन करतानाच त्यांनी मेकाँग नदीचं खोरं विकसित करायला १ अब्ज डॉलर देऊ केले. ११ एप्रिलला आपल्या लहानपणीच्या शाळेजवळ, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून, शाळांना केंद्राचा पैसा देणाऱ्या कायद्यावर सही केली. हे सगळं पाच आठवड्यांच्या आत, एकाच टेबलावरून.

आणि मग आला २८ जुलै. त्या दिवसावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं.

बुधवार होता. युद्धाचा निर्णय राष्ट्राला सांगायचा तर राष्ट्राध्यक्ष संध्याकाळी टीव्हीवर येतात, सगळं घर जमलेलं असतं तेव्हा. जॉन्सन यांनी भर दुपारची पत्रकार परिषद निवडली. सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करतो आहोत, पुढे आणखी लागेल, मागितलं तसं पाठवू. सक्तीच्या भरतीचा महिन्याचा आकडा १७,००० वरून ३५,००० होईल. राखीव दलांना बोलावणार नाही. त्याच परिषदेत एब फोर्टास यांची सर्वोच्च न्यायालयासाठी निवड जाहीर केली. एका वार्ताहराने विचारलं, यात धोरण बदललं का? धोरणात काडीचाही बदल नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. अमेरिकेच्या दशकातला सगळ्यात मोठा निर्णय असा नेमणुकांच्या बातम्यांमध्ये गुंडाळून सांगितला गेला.

त्याच दिवशी सिनेटने वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, अंतिम मसुद्याला ७० विरुद्ध २४ मतांनी मंजुरी दिली. दोन दिवसांनी, ३० जुलैला, जॉन्सन मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले आणि म्हाताऱ्या ट्रुमनना शेजारी बसवून त्यांनी त्या कायद्यावर सही केली. मेडिकेअरचं पहिलं कार्ड ट्रुमन यांना मिळालं. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या माणसांच्या पाकिटात आज तेच कार्ड आहे. ते कार्ड आणि ते सव्वा लाख सैनिक एकाच आठवड्यात मंजूर झाले, आणि एकाला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्याबद्दल तोंड मिटून ठेवलं गेलं.

राखीव दलं का बोलावली नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी ती बोलवा म्हणून सांगितलं होतं. पण राखीव सैनिक म्हणजे प्रत्येक गावातला दुकानदार, शिक्षक, वकील. त्याला उचललं की गावोगाव चर्चा होणार, काँग्रेसला मत द्यावं लागणार. सक्तीची भरती मात्र शांतपणे चालते. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत, आणि ज्याला कॉलेज परवडत नाही त्याला पत्र.

त्या वर्षी फेब्रुवारीतच उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी जॉन्सन यांना एक टिपण दिलं होतं. आपण नुकतेच प्रचंड बहुमताने निवडून आलो आहोत, विरोधक मोडून पडले आहेत, राजकीय किंमत कमीत कमी मोजून या भानगडीतून बाहेर पडायचं तर हेच वर्ष, असा त्याचा आशय. किती सरळ सल्ला होता! जॉन्सन यांनी तो तर ऐकला नाहीच, वर व्हिएतनामवरच्या बैठकांतून हम्फ्रींना बाहेर ठेवलं.

आता पैशाकडे येऊ. डिसेंबर १९६५ मध्ये आर्थिक सल्लागारांचे प्रमुख गार्डनर अ‍ॅकली यांनी स्पष्ट सांगितलं की लढाई आणि नव्या योजना दोन्ही चालवायच्या असतील तर कर वाढवा, नाहीतर महागाई भडकेल. जॉन्सन यांनी ते बाजूला ठेवलं. कर मागायचा तर युद्ध किती मोठं आहे हे सांगावं लागलं असतं. जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी काँग्रेसला सांगितलं की हा देश इतका समर्थ आहे की जगात लढूनही तो घरात नवा समाज घडवू शकेल. पुढच्या अंदाजपत्रकात तर युद्ध जून १९६७ अखेर संपेल असंच धरलं होतं. खर्च धरला सुमारे १० अब्ज डॉलर, झाला जवळजवळ दुप्पट. कर वाढवायची मागणी त्यांनी केली ती जानेवारी १९६७ मध्ये, आणि तो मंजूर झाला जून १९६८ मध्ये. तोवर १९६५ साली दीड टक्क्याच्या आसपास असलेली महागाई चार टक्क्यांच्या वर गेली होती. प्रतिनिधिगृहाच्या करसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स अडून बसले होते: करवाढ हवी तर खर्चात ६ अब्जांची कपात करा. म्हणजे ज्या सौद्याला घाबरून १९६५ मध्ये सत्य लपवलं, तोच सौदा तीन वर्षांनी, हजारो मृत्यूंनंतर, आणि पत गेल्यावर करावा लागला.

याचा गरिबांच्या घरात काय अर्थ झाला, ते एका प्रसंगावरून कळतं. शहरांतल्या झोपडवस्त्यांत आणि पडक्या चाळींत उंदरांचा भयंकर उपद्रव होता. झोपलेल्या तान्ह्या मुलांना उंदीर चावत. सरकारने उंदीर निर्मूलनासाठी दोन वर्षांत मिळून ४ कोटी डॉलर मागितले. २० जुलै १९६७ रोजी प्रतिनिधिगृहात ते विधेयक आलं तेव्हा सभासद हसत होते. ‘रॅट’ शब्दावर कोट्या झाल्या. उंदीर मारायला आणखी एक सरकारी खातं कशाला, असा सूर लागला. डेट्रॉइटच्या मार्था ग्रिफिथ्स संतापून उठल्या आणि म्हणाल्या की व्हिएतकाँग मारायला अब्जावधी उधळणार असाल, तर माणसाच्या या सगळ्यात जुन्या वैऱ्यावर मी ४ कोटी खर्च करीन. विधेयक रीतसर चर्चेला घ्यायचा प्रस्तावच २०७ विरुद्ध १७६ मतांनी फेटाळला गेला. त्या सुमारास युद्धावर एका दिवसाला ४ कोटींहून जास्त खर्च होत होता. तीन दिवसांनी डेट्रॉइट दंगलीत पेटलं, ४३ माणसं मेली. पुढे लाजेकाजेस्तव ती तरतूद दुसऱ्या एका विधेयकाला जोडून मंजूर करून घेतली. त्या सभागृहात १९६६ च्या निवडणुकीनंतर जॉन्सन यांच्या पक्षाच्या ४७ जागा कमी झालेल्या होत्या, हेही लक्षात ठेवा. मनातून उतरलेला राष्ट्राध्यक्ष मतं वळवू शकत नाही.

हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी आधीच ओळखलं होतं. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी सांगितलं की गरिबीविरुद्धच्या कार्यक्रमाने आशा निर्माण केली होती आणि युद्धाने त्याचा कोथळा काढला. माणसं, कसब आणि पैसा हे युद्ध राक्षसासारखं शोषून घेतं आहे. जॉन्सन यांनीच नागरी हक्कांचे कायदे करून दिले होते, तरी किंग बोलले. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांना झापलं, सोबतीच्या काही नेत्यांनीही हात झटकले. त्या वर्षी ते सभांमधून एक हिशेब मांडत: एक शत्रू मारायला ३,२२,००० डॉलर, आणि गरिबीविरुद्धच्या लढ्यात एका गरिबामागे ५३ डॉलर.

सगळ्यात जीवघेणी गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९६६ मध्ये मॅकनामारांनी एक योजना काढली. लष्कराच्या परीक्षेत नापास होणाऱ्या गरीब, कमी शिकलेल्या मुलांना अटी शिथिल करून भरती करायचं. त्यांना शिस्त आणि कसब मिळेल, ती गरिबीतून वर येतील, असं सांगितलं गेलं. साडेतीन लाखांच्या आसपास मुलं अशी घेतली. त्यातली बरीच पायदळात गेली आणि इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मेली. राखीव दलं बोलावली असती, कॉलेजातली सवलत काढली असती, तर ही मुलं लागली नसती. सुधारणेचं नाव आणि युद्धाची भूक यांची गाठ पडली की असं होतं, आणि हे वाचताना मला दरवेळी संताप येतो.

मग सगळंच बुडालं का? नाही. अमेरिकेतल्या दारिद्र्याचं प्रमाण १९६४ मध्ये १९ टक्के होतं, ते १९६९ मध्ये १२ टक्क्यांवर आलं. नागरी हक्कांचा कायदा टिकला. मतदानहक्काचा कायदा पुढे कितीतरी वर्षं नीट चालला. मेडिकेअर टिकलं. आपला स्थलांतराचा कायदा टिकला. पण काय टिकलं आणि काय सुकलं याची मांडणी करून पाहा. हक्क देणाऱ्या कायद्यांना दरवर्षी काँग्रेसकडे हात पसरावा लागत नव्हता, ते टिकले. मेडिकेअरच्या रुग्णालयीन विम्याला स्वतःचा कर होता. पगारपत्रकात आजही ती कपात दिसते, लोकांना माहीत असतं की आपण कशासाठी भरतोय. तेही टिकलं. सुकलं ते काय? दरवर्षी नव्याने मंजुरी लागणारं सगळं: वस्त्यांचं पुनर्वसन, भाड्याला मदत, गरिबांच्या स्थानिक संस्था. गरिबीविरोधी कायद्याला पहिल्या वर्षी १ अब्ज डॉलरसुद्धा मिळाले नव्हते, आणि ते वाढवायची वेळ आली नेमकी तेव्हा तिजोरीचं तोंड दुसरीकडे वळलं होतं. ज्या कामाचं बिल लोकांसमोर आलं ते उभं राहिलं. युद्धाचं बिल आलंच नाही, म्हणून ते दुसऱ्यांच्या ताटातलं खात राहिलं.

कुणी म्हणेल, ट्रुमन यांनी तर कोरियाच्या युद्धासाठी उघडपणे कर वाढवले होते. मग त्यांचं काय झालं? हा आक्षेप खरा आहे. ट्रुमन यांची राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मेलीच, लोकप्रियता २२ टक्क्यांपर्यंत घसरली, आणि १९५२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये हरल्यावर त्यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. जॉन्सन यांनी सोळा वर्षांनी ३१ मार्च १९६८ ला तेच केलं. तेव्हा हिशेब उघड ठेवला की सुधारणा वाचतातच, असं मी म्हणणार नाही. पण कोरियाची किंमत लोकांना पहिल्यापासून खिशात जाणवत होती, आणि ते युद्ध तीन वर्षांत थांबलं. व्हिएतनाममधून अमेरिकन सैन्य निघायला १९७३ उजाडलं. तोवर ५८,००० हून अधिक अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी मेले होते. आणि ट्रुमन यांचं पापही सांगतो: कोरियात सैन्य धाडताना त्यांनी काँग्रेसचं मत घेतलं नाही, पोलिसी कारवाई म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या सगळ्यांनी ती वाट वापरली.

जॉन्सन यांच्याकडे तर कागद होता. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा ७ ऑगस्ट १९६४ चा टोंकिनच्या आखाताचा ठराव: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे दोघे, ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग, १९६८ मध्ये दोघांनीही जागा गमावली. ठरावावर बोलताना कुणी खर्चाचा आकडा मागितला नाही, कारण युद्ध आहे असं कुणी म्हणतच नव्हतं.

भारतातल्या आपल्या घरांपर्यंतही याची झळ पोचली होती. १९६५ आणि १९६६ मध्ये पाऊस सलग दगा देऊन गेला. पीएल ४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालचा गहू बोटीतून उतरायचा आणि तसाच रेशनच्या दुकानात जायचा. तो लाल गहू आणि मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांना विचारा. जॉन्सन तो गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. भारताने शेती सुधारावी हा त्यात हेतू होता, पण व्हिएतनामवर भारत करत असलेली टीका त्यांना झोंबत होती हाही होता. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत सोव्हिएत नेत्यांबरोबर काढलेल्या निवेदनाने ते खवळले. घरच्या गरिबाचा घास युद्धाला बांधला गेला तसाच दूरच्या गरिबाचाही.

आता आजचं. अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये. टोंकिनचा ठराव १९७१ मध्ये रद्द झाला, १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना लगाम घालणारा युद्धाधिकारांचा कायदा केला, आणि तरी सप्टेंबर २००१ मध्ये, ९/११ च्या हल्ल्यानंतर, लष्करी बळ वापरायची परवानगी देणारा एक ठराव झाला, त्याचं मुख्य वाक्य साठ शब्दांचं. प्रतिनिधिगृहात विरोधात मत एकच, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्या साठ शब्दांवर अफगाणिस्तानापासून कितीतरी दूरच्या देशांत सैन्य गेलं, तिथे जायचं की नाही यावर वेगळं मत न घेता. त्याच काळात, २००१ आणि २००३ मध्ये, कर कमी करण्यात आले. लढाई उधारीवर चालली.

१ डिसेंबर २००९ रोजी बराक ओबामांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली. त्याच दिवसांत सिनेटमध्ये त्यांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर चर्चा सुरू होती. ओबामांनी हे संध्याकाळी, सगळ्या देशासमोर सांगितलं, खर्चाचा आकडाही सांगितला. जॉन्सनपेक्षा ते बरंच सरळ होतं, हे मी मान्य करतो. पण त्याच्या थोडंच आधी, प्रतिनिधिगृहाच्या खर्चसमितीचे अध्यक्ष डेव्हिड ओबी यांनी या युद्धासाठी वेगळा कर लावायचं विधेयक आणलं होतं. युद्ध हवं असेल तर पैसे मोजा, नाहीतर घरातल्या सुधारणांचा पैसा ते खाऊन टाकेल, असं त्यांचं म्हणणं. ओबी ओबामांच्याच पक्षाचे, तरी त्यांच्या पक्षाने ते पुढे सरकू दिलं नाही. ते विधेयक पुन्हा जिवंत व्हावं, अफगाणिस्तानसाठी आता उशीर झाला तरी पुढच्या प्रत्येक लढाईसाठी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मंडळींशी बोलताना याला दोन उत्तरं मिळतात. पहिलं: आपण बाहेरून आलेलो, युद्धावर बोललो तर निष्ठेवर संशय येईल. नागरिकत्वाची शपथ आठवा. कायद्याने सांगितलं तर या देशासाठी शस्त्र हाती घेईन, असं आपण हात वर करून म्हटलं आहे. आपल्या मुलग्यांची नावं अठराव्या वर्षी सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या, म्हणजे सक्तीच्या भरतीची वेळ आली तर वापरायच्या, यादीत जातात, ग्रीन कार्डवाल्यांचीसुद्धा. ज्याने एवढं कबूल केलं त्याला विचारायचा पूर्ण अधिकार आहे.

दुसरं उत्तर जास्त त्रास देणारं आहे: आपली मुलं काही सैन्यात जात नाहीत, आपलं चाललंय बरं. १९६५ मध्ये कॉलेजात असलेल्या मुलांच्या घरांतही असंच म्हणत असतील. म्हणून तर ते युद्ध इतकी वर्षं चाललं. आणि खर्च आपल्याला चुकत नाही. मेडिकेअरवर तुमचे आईवडील आहेत, सरकारी विद्यापीठात तुमची मुलगी आहे, संशोधनाच्या सरकारी अनुदानावर आपल्यातली किती घरं चालतात ते तुम्हाला माहीत आहे. कात्री लागते ती दरवर्षी मंजूर होणाऱ्या पैशालाच.

तर करायचं एवढंच. ऑगस्टमध्ये काँग्रेसची सुट्टी असते, प्रतिनिधी मतदारसंघात येतात, सभा घेतात. तिथे जा. जमत नसेल तर वॉशिंग्टनच्या कार्यालयात फोन करा. उचलणारी बहुधा विशी-पंचविशीतली मुलगी किंवा मुलगा असेल, तुमचं नाव आणि झिप कोड लिहून घेईल. शांतपणे सांगा: पुढच्या वेळी सैन्य पाठवायचं झालं तर माझ्या प्रतिनिधीने आधी मत द्यावं, आणि त्याच विधेयकात पैसा कोणत्या करातून येणार ते लिहिलेलं असावं. या दोन गोष्टींवर त्यांची भूमिका मला लेखी हवी आहे. डेमोक्रॅट असो की रिपब्लिकन, प्रश्न तोच ठेवा. मोघम उत्तर आलं तर पुन्हा फोन करा. आणि लेखी उत्तर आलं की ते आपल्या गावच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जसंच्या तसं टाका, म्हणजे नोव्हेंबरात मत द्यायला जाताना ते सगळ्यांच्या हाताशी असेल.

आपला नम्र,
न्यू जर्सीतला एक मराठी मतदार